यूब्लॉक बंद पडल्यावर: क्रोममध्येच लाइट, की सरळ फायरफॉक्स?

क्रोम अपडेट झाल्यावर यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन करडं पडलं असेल आणि पुन्हा चालू होत नसेल, तर सेटिंग्जमध्ये शोधाशोध करत बसू नका. मॅनिफेस्ट व्ही2 या जुन्या आराखड्यावर चालणारी एक्स्टेन्शन्स क्रोमने टप्प्याटप्प्याने बंद केली, यूब्लॉकही त्यातलंच. मध्यंतरी विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे आतल्या सेटिंग्जमध्ये, व्ही2 चालू ठेवणाऱ्या एका पॉलिसीचं मूल्य 2 करून निभावून नेता यायचं. 2025 मधल्या क्रोम 139 पासून ती पॉलिसीही गेली. क्रोमची जुनी आवृत्ती धरून ठेवायचा सल्ला कुणी देईल. पण जाहिराती टाळण्यासाठी सुरक्षेचे पॅच सोडायचे, हा आतबट्ट्याचा व्यवहार.

मग उरतात दोन वाटा. क्रोममध्येच राहून नव्या व्ही3 आराखड्यावर चालणारं यूब्लॉक ओरिजिन लाइट घ्यायचं, किंवा फायरफॉक्सवर जाऊन मूळ यूब्लॉक वापरायचं. दोन्ही मूळ यूब्लॉक लिहिणाऱ्या रेमंड हिल यांचीच, म्हणून लाइट म्हणजे कुणी काढलेली नक्कल नव्हे.

लाइटला उगाच नावं ठेवली जातात. त्यात काय अडवायचं याचे नियम आधीच ब्राउझरच्या हाती दिलेले असतात आणि गाळणी ब्राउझर स्वतःच करतो, त्यामुळे जुन्या मशीनवर भार जाणवत नाही. आईच्या लॅपटॉपवर मी तेच टाकून दिलंय. तिची ठरलेली पाच-सहा पानं, त्यांवर जाहिराती दिसत नाहीत आणि मला फोन येत नाही. तुमचंही वापरणं एवढंच असेल तर ब्राउझर बदलायचा खटाटोप कशाला, असंच मी म्हणेन.

माझ्या स्वतःच्या मशीनवर मात्र ते टिकलं नाही, आणि कारण तसं बारीक आहे. मी रोज वाचतो त्या एका मराठी बातम्यांच्या साइटवर मजकुरावर चढणारी चौकट असते. साइटवाले तिची युक्ती अधूनमधून बदलतात. फिल्टर याद्या, म्हणजे अडवायच्या नियमांच्या याद्या, सांभाळणारेही लगेच नवा नियम लिहितात. मूळ यूब्लॉकमध्ये याद्या हाताने अपडेट केल्या की पान पुन्हा स्वच्छ. लाइटमध्ये याद्या एक्स्टेन्शनच्या पोटातच असतात, म्हणजे नवा नियम तयार असला तरी एक्स्टेन्शनची नवी आवृत्ती येईपर्यंत थांबायचं. तोवर ती चौकट बंद करत बातमी वाचायची. औषध तयार आहे आणि आपल्यापर्यंत पोहोचत नाही, याचा मला जाहिरातीपेक्षा जास्त राग यायचा. शिवाय कुठल्या साइटवर बाहेरची कोणती स्क्रिप्ट चालू द्यायची हे ठरवणारा तक्ता लाइटमध्ये नाही. तो वापरायची सवय असलेल्याला हात बांधल्यासारखं होतं.

फायरफॉक्सने व्ही2 ठेवलंय, व्ही3 मध्येही पानाने बाहेर पाठवलेली विनंती एक्स्टेन्शनने स्वतः अडवायची जुनी सोय काढलेली नाही. तुमच्यावर पाळत ठेवणारा बाहेरचा ट्रॅकर साइटच्याच सबडोमेनच्या नावाआड लपला असेल तर यूब्लॉक तिथे त्याला ओळखतं. क्रोमवर मूळ यूब्लॉक चालत होतं तेव्हाही हे जमत नव्हतं. अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्येही तेच एक्स्टेन्शन बसतं. फोनवर जास्त वाचत असाल तर माझ्या मते इथेच निकाल लागतो.

अडचण आहेच. काही बँकांची आणि सरकारी पोर्टलं क्रोमशिवाय धड चालत नाहीत. त्यासाठी मी क्रोम ठेवलाय, त्यात लाइट आहे, आणि तो तेवढ्यापुरताच उघडतो. वेगात फरक पडतो का? मला जाणवला नाही; ढीगभर टॅब उघडे ठेवणाऱ्यांचा अनुभव वेगळा असू शकेल. ब्राउझर बदलायचाच असेल पण क्रोमचा तोंडवळा सुटत नसेल, तर ब्रेव्ह बघा. त्यांनी मोजकी व्ही2 एक्स्टेन्शन्स चालू ठेवली आहेत, यूब्लॉक त्यात आहे.

जाण्याआधी एक काम. एखाद्या जुन्या मशीनवर यूब्लॉक अजून चालू असेल तर त्याच्या सेटिंग्जमधून बॅकअपची फाइल काढून घ्या. ती फायरफॉक्समध्ये तशीच चढते, स्वतः लिहिलेले फिल्टर्सही येतात. एक्स्टेन्शन एकदा बंद झालं की ते पान उघडत नाही.