नैराश्याच्या नावाखाली विकला जाणारा मेंदूचा रंगीत नकाशा

नाशिकमधील एका ‘ब्रेन मॅपिंग’ केंद्राने माझ्या धाकट्या भावाच्या आजारपणाचा फायदा घेऊन आमच्या कुटुंबाकडून 85 हजार रुपये घेतले आणि त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे त्याच्या चालू असलेल्या गोळ्या बंद करायला लावल्या. केंद्राचे नाव मी येथे देत नाही, कारण तक्रार सुरू आहे. परंतु फसवणुकीची पद्धत सर्वांना कळली पाहिजे, कारण ती निव्वळ थापांवर चालत नाही. तिच्यात खऱ्या संशोधनाचा अंश मिसळलेला असतो आणि त्यामुळेच शिकलेली माणसेही तिला बळी पडतात.

भाऊ अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याचे निदान करून औषधे सुरू केली होती आणि सुधारणा संथ असली तरी होत होती. घरातल्या वडीलधाऱ्यांना मात्र ‘नुसत्या बोलण्यावरून आजार कसा ठरवतात, एखादी तपासणी नको का’ हा प्रश्न छळत होता. केंद्राच्या जाहिरातीने नेमके तेच आश्वासन दिले : नैराश्य आता डोळ्यांनी पाहा.

तेथे भावाच्या डोक्यावर तारांची टोपी चढवून, टाळूला जेल लावून काही वेळ नोंद घेण्यात आली. नंतर संगणकावर लाल-निळ्या रंगांत मेंदूचे चित्र दाखवून सांगण्यात आले, की याचा हिपोकॅम्पस (स्मरण आणि भावनांशी निगडित मेंदूचा भाग) आक्रसला आहे, गोळ्यांनी तो आणखी खराब होईल आणि आमच्या यंत्राच्या सत्रांनी तो पूर्ववत होईल. संपूर्ण ‘पॅकेज’चे पैसे आगाऊ द्यायचे होते. जी पावती मिळाली तिच्यावर ना डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक होता, ना उपचाराचे नाव. केवळ ‘वेलनेस सेवा’ एवढेच लिहिले होते.

यातली पहिली लबाडी तांत्रिक आहे. टोपीने होते ती ईईजी तपासणी. ती मेंदूतील विद्युत हालचाल डोक्याच्या पृष्ठभागावरून टिपते. मेंदूच्या एखाद्या भागाचा आकार तिने मोजता येत नाही. हिपोकॅम्पस तर कानांच्या आतल्या बाजूला, मेंदूत खोलवर असतो. त्याचे आकारमान मोजायचे झाले तर एमआरआय लागतो. म्हणजे जे मोजलेच नव्हते, त्याचा आकडा आमच्यापुढे ठेवण्यात आला होता.

दुसरी लबाडी अधिक धूर्त होती. नैराश्य असलेल्यांचा हिपोकॅम्पस सरासरीने लहान असतो, हे खरे आहे. ‘एनिग्मा’ या आंतरराष्ट्रीय गटाने 1,728 रुग्ण आणि 7,199 निरोगी व्यक्तींचे एमआरआय तपासून हा निष्कर्ष मांडला. फरक मुख्यतः वारंवार नैराश्य येणाऱ्यांत आणि लहान वयात आजार सुरू झालेल्यांत दिसला. 2017 मध्ये याच गटाने मेंदूच्या बाह्यावरणाच्या काही भागांची, विशेषतः कपाळामागील भागाची, जाडी किंचित कमी असल्याचेही दाखवले. पण हिपोकॅम्पसमधला तो सरासरी फरक सव्वा टक्क्याच्या आसपास आहे. एका गावातील माणसांची सरासरी उंची दुसऱ्या गावापेक्षा बोटभर कमी निघाली, तरी समोर उभा असलेला माणूस कोणत्या गावचा हे त्याच्या उंचीवरून सांगता येत नाही. तसेच हे आहे. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात सुमारे 1,800 जणांच्या मेंदूची वेगवेगळ्या पद्धतींनी तुलना केली गेली. तेव्हा रुग्ण आणि निरोगी यांची मापे 87 ते 95 टक्के एकमेकांत मिसळलेली आढळली आणि एकेका मापावरून रुग्ण ओळखण्याची अचूकता 54 ते 56 टक्क्यांपुढे गेली नाही. नाणे उडवूनही 50 टक्के वेळा उत्तर बरोबर येते.

म्हणूनच नैराश्याचे निदान आजही किमान दोन आठवडे टिकलेली उदासी, कशातच रस न वाटणे, झोप, भूक आणि विचार यांतील बदल यांवरून आणि सविस्तर बोलण्यातूनच होते. डॉक्टर कधीकधी एमआरआय सांगतात तो गाठ किंवा पक्षाघातासारखे दुसरे कारण नाही ना, हे पाहण्यासाठी. थायरॉइडची रक्ततपासणीही त्याच हेतूने. भावाच्या डॉक्टरांनी हे सारे आम्हाला कागदावर रेखाटून समजावले तेव्हा वडिलांची शंका पहिल्यांदा फिटली.

गोळ्या एकाएकी थांबल्यामुळे भावाला चक्कर, अस्वस्थता आणि निद्रानाश सुरू झाला व थोड्याच काळात मरणाचे विचार परतले. केंद्राला कळवल्यावर ‘विष बाहेर पडते आहे’ असे उत्तर मिळाले. या वाक्याचा मला अजूनही संताप येतो. तेवढ्या काळात काहीही घडू शकले असते. मूळ डॉक्टरांनी औषधे पुन्हा सुरू केली आणि तो आता सावरतो आहे.

जाहिरातीचे फोटो, पावती, रंगीत अहवाल आणि व्हॉट्सॲपवरील संदेश जपून ठेवल्याने आम्हाला जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता आले. 5 लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तेथे शुल्क नाही आणि तक्रारीची मुदत 2 वर्षांची आहे. आधी सल्ला हवा असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. उपचार करणाऱ्याने स्वतःला डॉक्टर म्हटले असेल, तर त्याची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तपासता येते. घरात कोणाच्या मनात मरणाचे विचार येत असतील, तर ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येते.