स्क्रॅचवर रांगोळी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मी पाचवी ते सातवीला गणित शिकवते. जूनमध्ये शाळेच्या संगणक खोलीत 9 मशीन चालू स्थितीत होती आणि शनिवारचे दोन तास मोकळे मिळत होते, म्हणून 27 मुलांना घेऊन स्क्रॅच सुरू केलं, म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्राम बनवायची मुलांसाठीची संगणक भाषा. एका मशीनवर तिघं. नेटचा भरवसा नव्हता, त्यामुळे डाउनलोड करून चालवायची आवृत्ती घेतली. आता फेब्रुवारी संपत आलाय. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच लिहिलं असतं. आज जरा जास्त नीट सांगता येईल.

मी स्वतः शाळेत असताना लोगो शिकले, तीही अशीच एक संगणक भाषा. काळ्या पडद्यावर कासव, त्याला टंकून हुकूम द्यायचे: एफडी 50 म्हणजे 50 पुढे, आरटी 90 म्हणजे उजवीकडे 90 अंश. एफडी आणि 50 यांच्यामध्ये जागा सोडायची राहिली की कासव जागचं हलायचं नाही, आणि खाली इंग्रजीत ओळ यायची की हे मला माहीत नाही. ती ओळ वाचून मी हात मागे घ्यायचे, ते अजून आठवतं. लोगो 1967 मधलं, सेमूर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत मुलांसाठी केलेलं. स्क्रॅच त्याच घराण्यातलं. एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेसनिक यांच्या गटाने ते बनवलं आणि 2007 मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. जानेवारी 2019 मध्ये तिसरी आवृत्ती आली, आम्ही वापरतो ती हीच.

माझ्या मुलांना मात्र ती इंग्रजी ओळ कधी भेटलीच नाही. स्क्रॅचमध्ये चुकीचं वाक्य लिहिताच येत नाही, कारण काही लिहायचंच नसतं. ठोकळे जोडायचे. खरं-खोटं सांगणारा ठोकळा षट्कोनी, आकडा देणारा गोल, आणि षट्कोनी खाचेत गोल ठोकळा शिरतच नाही. ‘फॉरएव्हर’ (कायम करत राहा) या ठोकळ्याचा तळ सपाट आहे, खाली खोबणी नाही. पाचवीतला एक मुलगा त्याच्याखाली आवाजाचा ठोकळा लावायला बघत होता, चार वेळा लावला, चारही वेळा तो बाजूला सुटा राहिला. मग स्वतःशीच म्हणाला, “हे कधी संपणारच नाही, मग खालचं कधी येणार?” मी तोंडही उघडलं नव्हतं. ज्यांनी त्या ठोकळ्याचा तळ सपाट ठेवला त्यांनी माझा एक तास वाचवला.

दुसरी गोष्ट, कुठल्याही ठोकळ्यावर नुसतं क्लिक केलं की तो लगेच चालतो. आधी सगळं पूर्ण करा, मग बघा, असं नाही. ‘मूव्ह 10 स्टेप्स’वर क्लिक केलं की पडद्यावरचं स्क्रॅचचं मांजर 10 पावलं सरकतं. चालू असलेल्या ठोकळ्यांभोवती पिवळी कड उजळते. सुरुवातीचे दोन शनिवार मुलं फक्त क्लिक करत होती आणि मी त्यांना करू दिलं. स्वयंपाकघरात लहान मूल डबे उघडून बघतं तसंच ते.

आता गणिताकडे येते, कारण माझा जीव तिथे आहे. जुलैत मी सांगितलं, समभुज त्रिकोण काढा. सहावीतल्या एका मुलीने ‘रिपीट 3’ (तीनदा कर) घेतलं, आत 100 पावलं चाल आणि 60 अंश वळ. पुस्तकात समभुज त्रिकोणाचा कोन 60, तिचं बरोबरच होतं. पडद्यावर त्रिकोण आला नाही, अर्ध्या षट्कोनासारखी उघडी वाटी आली. वहीत हे झालं असतं तर मी लाल शाईची फुली मारली असती आणि विषय संपला असता. इथे ती त्या वाटीकडे बघत बसली. मग मी तिला पटांगणात नेलं, खडूने त्रिकोण काढला आणि म्हटलं, मांजर तू आहेस, चाल. पहिल्या कोपऱ्यावर ती वळली आणि थांबली. “बाई, मी तर खूप जास्त वळले.” वळताना आपण आतला कोन वळत नाही, बाहेरचा वळतो. पूर्ण फेरी मारून परत आलो की 360 होतात, तिघांत वाटले की 120. पंचकोनाचे 72 तिने विचारल्याशिवाय काढले, आणि चांदणीसाठी 144 पर्यंत पोचायला तिला पुढचा शनिवार लागला. मूल कासवाच्या जागी स्वतःला ठेवून भूमिती समजून घेतं, असं पेपर्ट म्हणत. बाह्यकोन मी कित्येक वर्षं शिकवतेय. तो कुणाच्या पायांत उतरलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

एक अडचण इथेच सांगते. रेघ काढणारे पेनाचे ठोकळे तिसऱ्या आवृत्तीत मुख्य यादीत नाहीत. डाव्या कोपऱ्यात अगदी खाली एक बटण आहे, ते दाबून जोडावे लागतात. गणिताच्या शिक्षकाला पहिल्या दिवशी हवी असलेली वस्तू माळ्यावर ठेवल्यासारखं वाटतं. दिशांचंही लक्षात ठेवा: इथे 0 म्हणजे वर आणि 90 म्हणजे उजवीकडे, होकायंत्रासारखं. पडदा मात्र गणितासारखा आहे. मधोमध शून्य, क्ष -240 ते 240, य -180 ते 180, आणि वर गेलं की य वाढतो. नववीत निर्देशक भूमिती येईल तेव्हा या मुलांना ते ओळखीचं घर वाटेल.

दिवाळीच्या आधी रांगोळी घेतली. आधी ठिपके, सात बाय सात. ‘रिपीट’च्या पोटात ‘रिपीट’. आतला एक ओळ टाकतो, बाहेरचा ओळी मोजतो, आणि एकाच्या पोटात दुसरा आहे हे डोळ्यांना दिसतं. नंतर पाकळी. 3 पावलं चाल, 3 अंश वळ, असं 30 वेळा, की 90 अंशांची कमान. मग 90 वळून तीच कमान परत, पुन्हा 90 वळलं की पाकळी बंद होते आणि मांजर निघालं होतं त्याच तोंडाने उभं राहतं. 45-45 अंशांवर अशा आठ पाकळ्या, झालं कमळ. इथे मुलांनी स्वतःचा ठोकळा बनवला आणि त्याला देवनागरीत नाव दिलं: ‘पाकळी काढ’. बाकी सगळे ठोकळे आम्ही इंग्रजीत ठेवले होते, त्यांत हा एक मराठी. त्यानंतर तर ‘ठिपका ठेव’, ‘कमळ काढ’, ‘घरी ये’ अशी रांगच लागली.

स्वतःचा ठोकळा बनवताना खाली एक चौकट असते, ती टिक केली की पडदा मध्ये मध्ये न रंगवता काम एकदम उरकतं. एरवी आवर्तनाच्या प्रत्येक फेरीनंतर पडदा पुन्हा रंगवला जातो, सेकंदाला साधारण 30 वेळा. पाकळीला 60 फेऱ्या म्हणजे दोन सेकंद, कमळाला 16 सेकंद. मुलांनी ती चौकट टिक केली, आणि सुरू करायचा हिरवा झेंडा दाबताक्षणी पूर्ण कमळ समोर. त्रिकोणवाल्या त्याच मुलीने टिक काढून टाकली. म्हणाली, “ही काढली नाही बाई, चिकटवली.” पुढच्या शनिवारी सगळ्या गटांनी रांगोळी सावकाशच ठेवली.

गणितापलीकडेही मुलं गेली, आणि ते मला मनापासून आवडलं. एकाने आजीच्या आवाजात जात्यावरची ओवी रेकॉर्ड करून मागे जातं फिरवलं. क्रिकेट तर असणारच होतं. जमीन खाली हवी आणि छत उंच, म्हणजे सुरुवात सोपी आणि पुढे खूप दूर जाता यावं, हे पेपर्ट यांचं सूत्र. रेसनिक त्यात रुंद भिंती जोडतात, म्हणजे मुलांना वेगवेगळ्या वाटांनी जाता यावं. भिंतींच्या बाबतीत स्क्रॅचला पूर्ण गुण.

छताच्या बाबतीत तसं नाही. भुईनळ्याचं सांगते. सातवीतल्या मुलाने ठिणगीचे क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रती, बनवले, प्रत्येक वर उडून खाली पडायचा. सुरुवातीला सुंदर चाललं, मग भुईनळा विझला. तासभर तो कोड बघत बसला. एका वेळी 300 क्लोनची मर्यादा आहे, आणि खाली पडलेले क्लोन पुसायचे त्याच्याकडून राहिले होते. 301 वा क्लोन नुसता येत नाही, काही सांगतही नाही. ओरडायचं नाही हा स्वभाव लहान मुलाला धीर देतो, पण या वयाच्या मुलाला कुणीतरी कारण सांगायला हवं असतं. शेवटी ‘क्लोन किती’ असं चल (आकडा साठवायची जागा) त्याने स्वतः ठेवलं, पडद्यावर आकडा चढताना पाहिला आणि 300 ला अडकलेला पकडला.

आणखी एक. स्वतः बनवलेला ठोकळा काम करतो, पण उत्तर परत देत नाही. ‘दोघांचा मसावि काढ’ असा ठोकळा करून त्याचं उत्तर थेट बेरजेत टाकता येत नाही, ते आधी एखाद्या चलात ठेवून तिथून उचलावं लागतं. गणिताच्या शिक्षकाला हे खुपतं. यादीच्या आत यादीही ठेवता येत नाही. बर्कली विद्यापीठाची स्नॅप! ही ठोकळ्यांचीच भाषा हे दोन्ही करू देते, दिसायला जवळपास तसंच आहे, ब्राउझरमध्ये चालतं. भुईनळेवाला आणि आणखी दोघं जानेवारीपासून त्यावर गेलेत. थेट पी5.जेएसवर, म्हणजे कोड टंकून चित्रं काढायच्या साधनावर, न्यायचा विचार मी सोडला, कारण तिथे शून्य डाव्या वरच्या कोपऱ्यात असतं, य खाली जाताना वाढतो, आणि टंकायचं सगळं इंग्रजीत.

पाचवी-सहावीसाठी मी स्क्रॅचच घेईन, पुढच्या जूनमध्येही. एका मशीनवर दोघंच बसवेन, तिसरं मूल नुसतं बघत राहतं, हे उशिरा लक्षात आलं. मसाविचा ठोकळा स्नॅप!मध्ये परवा झाला. कमळवाली अजून स्क्रॅचवरच आहे. तिला आता विषम ठिपक्यांची (वरच्या दोन ठिपक्यांच्या मध्ये खालचा) रांगोळी हवीय, सात ते एक, आणि आतलं ‘रिपीट’ दर ओळीला एकाने कमी कसं करायचं यावर ती अडकली आहे. मी सांगितलेलं नाही.