विंडसॉक अडकलेल्या विमानतळावर आठ महिने

आठ महिने झाले, माझं सेसना 172 या छोट्या विमानतळावर उभं असतं. एकच धावपट्टी, 09/27: पूर्वेकडे तोंड करून उतरलं तर 09, पश्चिमेकडे तर 27. नियंत्रण टॉवर नाही, आपली घोषणा आपणच रेडिओवर करायची. खासगी विमानं, अधूनमधून एखादं बिझनेस जेट. बाकी सगळं ठीक, पण विंडसॉकबद्दल, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या, खांबावरच्या फिरत्या कड्याला लावलेल्या कापडी नळीबद्दल, लिहिल्याशिवाय राहवत नाही.

दुसऱ्या महिन्यातली संध्याकाळ. वरून पाहिलं तर विंडसॉक लुळा पडलेला. वारा नाही असं धरून मी 27 घेतली, कारण त्या बाजूने उतरलं की पार्किंग समोरच येतं, जमिनीवर विमान चालवत नेण्याचं इंधन वाचतं. फायनलला, म्हणजे उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, जीपीएसचा वेग हवेतल्या वेगापेक्षा 8 नॉट (ताशी सुमारे 15 किलोमीटर) जास्त दिसत होता, म्हणजे वारा मागून होता. दिसत होता, तरी मी मनावर घेतलं नाही. चाकं टेकली तेव्हा अर्धी धावपट्टी मागे गेली होती. विमानाच्या पुस्तकात स्पष्ट दिलंय, मागून वारा असेल तर दर 2 नॉटला 10 टक्के अंतर जास्त धरा. म्हणजे मला 40 टक्के जास्त लागणार होतं! थांबल्यावर कितीतरी वेळ ब्रेकवरचा पाय उचलवेना.

तसाच खांबापाशी चालत गेलो. बेअरिंग गंजून घट्ट बसलेलं. कड्याचं तोंड पश्चिमेला आणि वारा पूर्वेचा. तोंडातून वारा शिरतच नव्हता, म्हणून कापड नुसतं लोंबत होतं.

लेखी तक्रार केली. दोन महिन्यांनी कोरं करकरीत नारिंगी-पांढरं कापड चढवलं, बेअरिंग मात्र तेच. मला याचा जास्त राग आला. जुन्या फाटक्या कापडाकडे बघून निदान शंका तरी यायची. विंडसॉक 300 मीटर उंचीवरून ओळखू यावा अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. हा छान ओळखू यायचा आणि चुकीचं सांगायचा. तेव्हाच जागा सोडायचं ठरवलं होतं.

थांबलो ते इंधन भरणाऱ्या माणसामुळे. हँगरचं (विमानाच्या शेडचं) भाडं परवडत नाही, म्हणून विमान उघड्यावर बांधतो. टाकी अर्धी ठेवली की रात्री आत दमट हवेचं पाणी सुटतं. सकाळी टाकीच्या तळातून ड्रेन कपात काढलेल्या निळ्या ॲव्हगॅसच्या (पिस्टन इंजिनाच्या विमानांच्या पेट्रोलच्या) तळाशी पाण्याचा थेंब मण्यासारखा गोल बसलेला दिसतो. त्यामुळे उतरल्याबरोबर टाकी भरून हवी असते आणि मला कितीही उशीर झाला तरी हा माणूस थांबतो. आधी स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून बाँडिंगची तार लावतो, मगच नळी उचलतो. आणि मला रोज ओळखत असूनही विचारतो, "ॲव्हगॅसच ना?" पिस्टन इंजिनात जेटचं इंधन गेलं तर नळ्यांमधल्या जुन्या इंधनावर विमान उडतंही, आणि वर गेल्यावर इंजिन बंद पडतं. तो हे जाणून विचारतो.

सातव्या महिन्यात अखेर बेअरिंग बदललं. त्या दिवशी मी खाली उभा राहून बघत होतो. झुळूक आली की कडं आवाज न करता फिरायचं.

तरी विंडसॉक अजून एकच आहे, आणि उत्तरेचा वारा हँगरांच्या आडोशाने तिथे नीट पोहोचत नाही. 09 च्या टोकाला दुसरा लावा, असा अर्ज दिलाय. तो लागेपर्यंत या विमानतळाला पाचपैकी चार गुण.