टॅलीशी ‘आपोआप’ जोडणी: आमचे सव्वा लाख असे गेले

आमची शेतकरी उत्पादक कंपनी वणी तालुक्यातली. हंगामात चारशेवर शेतकऱ्यांचा कापूस घेतो, शिवाय बारदाना, गाडीभाडं, हमाली. हिशेब टॅली या सॉफ्टवेअरमध्ये, काटापट्ट्या (वजनाच्या पावत्या) कार्बन लावून हाताने. दिवाळीआधी एक विक्रेता आला. म्हणाला, पट्टी मोबाइलवर भरा, खरेदीचं व्हाउचर, म्हणजे नोंद, टॅलीत आपोआप पडेल. त्याच्या लॅपटॉपवर तसं पडलंही. संचालकांना मीच राजी केलं आणि १,२५,००० रुपये आगाऊ दिले.

नोंदी यायच्या, पण दुसऱ्या दिवशी सकाळी. विचारलं तर ‘सर्व्हर रात्री सिंक होतो’ हे उत्तर. आम्ही मान डोलावली.

मग एक काका ऑफिसात आले. “भाऊ, माया कापसाचे पैसे कुठी गेले?” त्याच गावात त्याच नावा-आडनावाचा दुसरा शेतकरी आहे, फक्त बापाचं नाव वेगळं. काकांचे ६८,००० रुपये त्याच्या खात्यात गेले होते. तो माणूस सरळ, तिसऱ्या दिवशी परत केले. पण काकांची कृषी केंद्राची उधारी त्याच आठवड्यात फेडायची होती. दोन दिवस ते आमच्या ओट्यावर बसून राहिले. ते मला अजून लागतं.

मशीन खाते क्रमांकावरून जुळवतं, नावावरून नाही, असं आम्हाला सांगितलं होतं. म्हणून टॅलीचा एडिट लॉग, म्हणजे कुठली नोंद कधी केली-बदलली याची यादी, उघडली. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना हा लॉग ठेवावाच लागतो, त्यानेच वाचवलं. नोंदी रात्री ११ ते १, एकेक करून, मध्ये दुरुस्त्या. इन्स्टॉलेशनसाठी दिलेल्या रिमोट परवानगीने कुणीतरी पोरगा हाताने टाइप करत होता. जोडणी नव्हतीच.

वर सीए साहेबांनी आणखी एक दाखवलं. शेतकऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या कापसावर ५ टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने आपणच भरायचा असतो. त्या नोंदींत तो कुठेच नव्हता. व्याज आमच्या माथी.

जाब विचारला तर म्हणे इंटिग्रेशन मॉड्यूल वेगळं, त्याचे ९०,००० वेगळे. कोटेशन काढून पाहिलं, खरंच फक्त ‘टॅली कंपॅटिबल’ (टॅलीसोबत चालेल असं) लिहिलं होतं, जोडणीचा शब्द नव्हता. पुढे फोन बंद, लॉगिनही बंद. सगळ्या पट्ट्या त्यांच्याकडे अडकल्या. कार्बन प्रती होत्या म्हणून हिशेब पुन्हा उभा राहिला.

आता कुणी दाखवायला आला की आमच्याच टॅलीच्या बॅकअपची प्रत आमच्याच कॉम्प्युटरवर उघडतो. एकाच नावाचे दोन शेतकरी टाकायला लावतो. मधेच टॅली बंद करतो, कारण आमच्याकडे लाइट जातेच, आणि परत सुरू केल्यावर नोंद राहते, हरवते की दोनदा पडते ते बघतो. रिव्हर्स चार्जची एक पट्टी भरतो. करार संपल्यावर सगळा डेटा एक्सेलमध्ये मिळेल, हे लिहून मागतो. परवा एकजण बॅकअपचं ऐकताच चहा न घेता निघून गेला.