सायबरबॉल की दिवसभराच्या नोंदी?

बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकारात नाकारलं जाण्याची भीती असते आणि भावना झपाट्याने पालटतात. हे मोजायचं कसं?

सायबरबॉल हा संगणकावरचा चेंडू टाकण्याचा साधा खेळ. सहभागीला वाटतं, समोर खरी माणसं खेळताहेत. प्रत्यक्षात सगळं प्रोग्रॅम ठरवतो. काही वेळाने चेंडू त्याच्याकडे येणंच बंद होतं. इथे कारण संशोधकाच्या हातात असतं: काहींना वगळायचं, काहींना बरोबरीने खेळवायचं आणि फरक पाहायचा. यातूनच मनाला चटका लावणारी गोष्ट पुढे आली. चेंडू बरोबरीने मिळत असतानाही हा विकार असलेल्या अनेकांना आपण वगळले गेलो असंच वाटतं. नुसत्या मुलाखतीत हे इतकं स्वच्छ दिसलं नसतं.

पण खेळ काही मिनिटांचा, आणि दुखावणारी माणसंही अनोळखी. खरी जखम घरात होते, जोडीदाराच्या न आलेल्या फोनने होते. तिथे दिवसभराच्या नोंदी कामी येतात. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ ट्रल आणि सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहभागींनी २८ दिवस, रोज सहा वेळा, हातातल्या यंत्रावर मनःस्थिती नोंदवली. महिन्याभराने आठवून सांगण्यापेक्षा हे कितीतरी विश्वासार्ह. मात्र भांडणामुळे मन बिघडलं की बिघडलेल्या मनामुळे भांडण झालं, हे नोंदींवरून ठामपणे सांगता येत नाही.

कारण शोधायचं असेल तर मी सायबरबॉलच निवडेन. फक्त खेळ संपताच खरं काय ते सहभागीला समजावून सांगायलाच हवं. आधीच दुखावलेल्या माणसाला तसंच घरी पाठवता येत नाही.