चार लाख रुपये कुठे लावावेत: अ‍ॅम्प्लिफायरमध्ये, स्पीकरमध्ये की खोलीत?

घरात बऱ्यापैकी मोठे स्पीकर आहेत, शंभर वॅटचा इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर आहे, एक चांगला डॅक (अंकीय ध्वनीचे अ‍ॅम्प्लिफायरला लागणाऱ्या विद्युत संकेतात रूपांतर करणारे उपकरण) आहे आणि कदाचित जुन्या तबकड्यांसाठी टर्नटेबलही आहे. ऐकणाऱ्याचा कान तयार आहे आणि आता तीन-चार लाख रुपये हाताशी आले आहेत, अशा वाचकासाठी हा आढावा आहे. अशा वेळी दुकानात गेले की बोलणे उपकरणांभोवतीच फिरते, आणि त्यात विक्रेत्याचा दोष नाही, कारण खोली त्याच्याकडे विकायला नसते. प्रत्यक्षात पर्याय चार आहेत: अ‍ॅम्प्लिफायर व डॅक बदलणे, स्पीकर बदलणे, खोलीवर ध्वनिशास्त्रीय काम करणे, आणि सबवूफरसह (केवळ खालचे स्वर वाजवणाऱ्या स्पीकरसह) डिजिटल दुरुस्ती, म्हणजे खोलीच्या दोषानुसार आवाज सुधारणारी प्रणाली, बसवणे. हे चारही पर्याय एकाच मापाने मोजता येत नाहीत, तरी प्रत्येकाने नेमका कोणता दोष दूर होतो हे ताडून पाहता येते.

तुलना हवेत राहू नये म्हणून एक खोली गृहीत धरू: लांबी 5 मीटर, रुंदी 3.6 मीटर, उंची 2.75 मीटर. मुंबई-पुण्याच्या सदनिकेत अशा मापाचा दिवाणखाना किंवा मोठी शयनखोली असू शकते. भिंती विटांच्या, वर-खाली काँक्रीटचा स्लॅब, जमिनीवर व्हिट्रिफाइड फरशी आणि एका बाजूला काचेची सरकती खिडकी. परदेशी नियतकालिकांतील परीक्षणे वाचताना एक गोष्ट विसरली जाते, ती ही की अमेरिकेतील घरांच्या भिंती बहुधा लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पत्रे ठोकून केलेल्या असतात. त्या खालच्या स्वरांबरोबर थोड्या हलतात आणि बासची काही ऊर्जा शोषून किंवा बाहेर जाऊ देऊन मोकळ्या होतात. आपली विटांची भिंत तेवढी हलत नाही, आलेला बास ती जवळजवळ जसाच्या तसा परत करते. त्यामुळे तिकडे ‘संयत बास’ म्हणून वाखाणलेला स्पीकर आपल्याकडे घुमू लागला, तर त्याचे नवल नाही.

पहिला पर्याय अ‍ॅम्प्लिफायरचा, आणि त्याचे गणित सोपे आहे. शक्ती दुप्पट केली की आवाज केवळ 3 डेसिबलने वाढतो; कानाला आवाज ढोबळमानाने दुप्पट वाटण्यासाठी 10 डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. शंभर वॅटवरून दोनशे वॅटवर जाण्याने मिळणारा फरक म्हणूनच फार थोडा असतो. 87 डेसिबल संवेदनशीलतेचे (एका वॅटला एक मीटरवर तेवढा आवाज देणारे) स्पीकर तीन मीटरवरून नेहमीच्या पातळीवर ऐकताना सरासरी वापर एक-दोन वॅटच्या आसपासच राहतो. उरलेली शक्ती तबल्याच्या थापेसारख्या क्षणिक उसळ्यांसाठी राखीव असते. अपवाद खरे आहेत. स्पीकरचा विद्युत अवरोध (इम्पिडन्स) काही वारंवारतांवर तीन ओहमच्या खाली जात असेल, त्याची संवेदनशीलता 83-84 डेसिबलच असेल, किंवा सध्याच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून शांततेत गुणगुण ऐकू येत असेल, तर हा पर्याय आधी विचारात घ्यावा. गुणगुण मात्र पुष्कळदा सदोष अर्थिंगची असते आणि ती काढायला इलेक्ट्रिशियन पुरतो. डॅकबद्दल इतकेच म्हणावेसे वाटते की 16 बिटांच्या सीडीचा सर्वांत हळू ते सर्वांत मोठ्या आवाजाचा पल्लाच सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे 96 डेसिबलचा आहे, आणि एप्रिल-मेच्या दुपारी छताचा पंखा फिरत असताना त्या पल्ल्याचा खालचा मोठा भाग पंख्याच्या आवाजातच बुडालेला असतो. महागड्या केबलींचा विचार या आढाव्यात मी करणार नाही.

दुसरा पर्याय, स्पीकर बदलण्याचा, कितीतरी अधिक गंभीर आहे. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी आणि पुढे हार्मन या ध्वनिउपकरणांच्या कंपनीत त्यांच्यासह शॉन ऑलिव्ह यांनी पडद्याआड स्पीकर ठेवून श्रोत्यांच्या चाचण्या घेतल्या. नाव आणि किंमत दिसत नसली की श्रोत्यांची पसंती बरीचशी एकवटते, असे त्यांत आढळले: समोरून सपाट प्रतिसाद देणारे, म्हणजे सगळे स्वर सारख्याच पातळीवर वाजवणारे, आणि बाजूंनाही तोच प्रतिसाद हळूहळू, खाचखळग्यांविना उतरत नेणारे स्पीकर लोकांना आवडतात. तेव्हा सध्याच्या स्पीकरचा बाजूचा प्रतिसाद खडबडीत असेल, तर खोलीवर कितीही काम केले तरी भिंतीवरून परत येणारा आवाज बिघडलेलाच राहील, आणि अशा वेळी स्पीकर बदलणेच योग्य. याच संशोधनातला दुसरा निष्कर्षही तितकाच महत्त्वाचा आहे. ऑलिव्ह यांनी 2004 मध्ये मांडलेल्या प्रारूपात श्रोत्याच्या पसंतीतील सुमारे 30 टक्के वाटा बासचा आहे, आणि लहान खोलीत बास कसा ऐकू येईल हे स्पीकरपेक्षा खोलीच अधिक ठरवते. आपल्या उदाहरणातील खोलीचा निनाद नीट आवरला, तर हा खोलीचा अंमल सुमारे 180 हर्ट्‌झच्या खाली सुरू होतो. दोन मोठे वूफर (खालचे स्वर वाजवणारे भाग) असलेला, 25 हर्ट्‌झपर्यंत उतरणारा मनोऱ्यासारखा उंच स्पीकर आणून 5 मीटरच्या खोलीत उभा केला, तर आधी न जाणवणारा एक अनुनाद जागा करण्यासाठीच आपण पैसे मोजलेले असतात.

हा अनुनाद म्हणजे काय, ते थोडे सविस्तर पाहिले पाहिजे, कारण निर्णय तिथेच होतो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या स्वराची अर्धी तरंगलांबी नेमकी बसते तो स्वर आणि त्याच्या पटीतले स्वर खोली स्वतःहून उचलून धरते. 25 अंश तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 346 मीटर धरला, तर 5 मीटर लांबीसाठी पहिला अनुनाद 34.6 हर्ट्‌झवर आणि दुसरा 69.2 हर्ट्‌झवर येतो. रुंदीचा पहिला 48 वर आणि उंचीचा 63 वर. आता पुष्कळ पुरुष गायक ज्या काळी एकच्या आसपास गातात, तिचा षड्ज 138.6 हर्ट्‌झ आहे, आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या बरोबर एक सप्तक खाली, 69.3 वर. म्हणजे या खोलीचा दुसरा अनुनाद जवळजवळ तंतोतंत खर्जावर बसला आहे. तानपुऱ्याच्या खर्जात मूळ स्वरापेक्षा जवारीने खुललेल्या उपस्वरांचेच राज्य असते. ही खोली मात्र आड राहायला हव्या त्या मूळ स्वराला पुढे ओढते. कोच मागच्या भिंतीला टेकवलेला असेल, आणि बहुतेक घरांत तो तसाच असतो, तर श्रोता या अनुनादाच्या शिखरावर बसलेला असतो. त्याला तानपुरा जड वाटतो, डग्ग्याची घुमारी एकसुरी होते, आणि तो अ‍ॅम्प्लिफायरची पत्रके चाळू लागतो.

याचा पहिला उपाय फुकट आहे. आपल्या खोलीत दुसऱ्या अनुनादाचे शून्यस्थान मागच्या भिंतीपासून 1.25 मीटरवर येते. नेमके तिथे बसले तर खर्जच हरवतो. पण खुर्ची भिंतीपासून दीड-पावणेदोन मीटर पुढे आणली, तर शिखर आणि शून्य यांच्या मधली जागा मिळते. दिवाणखान्यात हे सहजी होत नाही, घरातल्या इतरांची संमती लागते, हेही मान्य केले पाहिजे. कोच हलणारच नसेल, तर तिसऱ्या पर्यायाचा अर्धा लाभ आधीच गेला असे समजावे आणि चौथ्याकडे अधिक लक्ष द्यावे.

तिसऱ्या पर्यायात, खोलीच्या कामात, दोन वेगळी कामे आहेत आणि बहुतेक निराशा ती एकत्र करण्यातून येते. एक काम मधल्या व वरच्या स्वरांचा निनाद कमी करण्याचे. आपल्या खोलीचे घनफळ 49.5 घनमीटर आणि एकूण पृष्ठभाग सुमारे 83 चौरस मीटर आहे. पृष्ठभागांचे सरासरी शोषण 5 टक्के धरले, तर ध्वनिशास्त्रज्ञ सॅबाइन यांच्या सूत्राने रिकाम्या खोलीचा निनादकाळ (आवाज थांबल्यावर तो विरायला लागणारा वेळ) 1.9 सेकंद येतो, जो गाभाऱ्यात शोभेल. ऐकण्यासाठी तो 0.4 सेकंदांच्या आसपास हवा, आणि त्यासाठी सुमारे 20 चौरस मीटर पूर्ण शोषक पृष्ठभागाइतके शोषण लागते. कोच, जाजम, पुस्तकांनी भरलेली कपाटे आणि माणसे यांतले बरेच पुरवतात. उरलेल्यासाठी सुताराकडून 1200 × 600 मिलिमीटरच्या चौकटी करून घ्याव्यात, त्यांत 100 मिलिमीटर जाडीचे, घनमीटरला 48 ते 64 किलो घनतेचे रॉकवूल (खनिज तंतूंची लोकर) भरावे आणि वर हातमागाचे सुती कापड ताणावे. कापडाला तोंड लावून फुंकर मारली असता हवा आरपार गेली पाहिजे. ती अडत असेल तर आवाजही अडतो. अशा बारा चौकटींचे मिळून साडेआठ चौरस मीटर होतात, आणि त्यांचा एकूण खर्च आयात केलेल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या किमतीचा लहानसा हिस्सा असतो. इंचभर जाडीचा टोकदार फोम आणि जाड पडदे केवळ वरचे स्वर खातात. खोली त्यामुळे मंद होते आणि बास होता तिथेच राहतो. अंड्यांच्या ट्रेबद्दल न लिहिलेलेच बरे.

दुसरे काम बासचे, आणि ते अवघड आहे. 69 हर्ट्‌झची पाव तरंगलांबीच 1.25 मीटर भरते, त्यामुळे भिंतीवरची चार इंची चौकट त्याला रोखू शकत नाही. कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत दीड-दोन फूट जाडीचे शोषक उभारले तर फरक पडतो, पण तेवढी जागा ज्याच्याकडे स्वतंत्र खोली आहे त्यालाच देता येते. इथे चौथा पर्याय तिसऱ्याचा पूरक ठरतो. हार्मनमधील टॉड वेल्टी यांनी 2002 मध्ये सबवूफरची संख्या आणि जागा यांचा अभ्यास मांडला. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन लहान सबवूफर बासचे वाटप बरेच एकसारखे करतात, हा त्यातला घरगुती उपयोगाचा भाग. पुढच्या आणि मागच्या भिंतीच्या मध्यावर ते ठेवले, तर आपल्या खोलीतील 34.6 चा अनुनाद परस्परविरोधाने आणि 48 चा मध्यावरील शून्यस्थानामुळे उद्दीपितच होत नाही. 69.2 मात्र तसाच राहतो, आणि नेमका तो डिजिटल दुरुस्तीने खाली ओढता येतो. डिरॅक लाइव्हसारख्या प्रणालीबद्दल एक मर्यादा लक्षात ठेवावी: शिखर कापता येते, खड्डा भरता येत नाही; शून्यस्थानी कितीही शक्ती ओतली तरी ती वूफरला तापवण्यापलीकडे फारसे काही करत नाही. टर्नटेबलवाल्यांना ध्वनी अंकीय होण्याची रुखरुख लागेल. त्यांनी दुरुस्ती केवळ सबवूफरपुरती ठेवावी, मुख्य स्पीकर अस्पर्शित राहतात.

शेजाऱ्यांचा मुद्दा वेगळा काढला पाहिजे, कारण रॉकवूलच्या चौकटींनी आवाज शेजारी जाणे थांबते असा समज सार्वत्रिक आहे. शोषणाने खोलीच्या आतला निनाद घटतो. आवाज भिंतीपलीकडे जाणे रोखायला वजनदार भिंत आणि फटी हवाबंद बुजवणे लागते. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री दहा ते सहा 45 डेसिबलची मर्यादा आहे, आणि स्लॅबमधून उतरणारा सबवूफर सोसायटीच्या सभेत विषयपत्रिकेवर यायला वेळ लागत नाही. त्यामुळे रात्रीच ऐकणाऱ्याने चौथा पर्याय जपूनच घ्यावा.

कोकणात आणि गोव्यात चौकटी बाहेरच्या भिंतीला चिकटवू नयेत. दोन-चार इंचांचे अंतर ठेवल्याने ओल साचत नाही, आणि खालच्या स्वरांचे शोषणही सुधारते. भाड्याच्या घरात त्या पायांवर उभ्या केल्या की भिंतीला भोकही पडत नाही आणि पुढच्या घरी नेता येतात. अ‍ॅम्प्लिफायरशी तुलना करताना, खोलीचे काम नव्या घरी नेता येत नाही हा मुद्दा खोलीच्या विरोधात धरला जातो, तो त्यामुळे पूर्ण खरा नाही.

माझा कल वर दिसलाच आहे: चार लाखांपैकी पहिले पैसे मोजमापाच्या मायक्रोफोनला आणि सुताराला, नंतरचे दोन लहान सबवूफरना, आणि स्पीकर सदोष असल्याचे कळले तर उरलेले सगळे स्पीकरला. पण माझ्यावर विश्वास ठेवण्याची गरज नाही. वॉलेस सॅबाइन यांनी 1895 मध्ये हार्वर्डच्या फॉग संग्रहालयातील व्याख्यानगृहाचा घुमणारा आवाज अभ्यासला, तेव्हा त्यांनी जवळच्या सँडर्स थिएटरमधील आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या आणि संख्या वाढवत निनाद मोजला. आपल्या घरातही कापसाच्या गाद्या असतात. एका रविवारी त्या सगळ्या काढाव्यात, दोन-दोन एकावर एक रचून खोलीच्या कोपऱ्यांत आणि स्पीकरच्या बाजूच्या भिंतींना उभ्या कराव्यात, कोच तासाभरापुरता पुढे ओढावा, आणि ज्या ध्वनिमुद्रणातला तानपुरा जड वाटतो तेच लावावे. फरक स्पष्ट ऐकू आला, तर सुताराला बोलवावे. आला नाही, तर गाद्या परत पलंगावर टाकून स्पीकर ऐकायला बाहेर पडावे, आणि ते घरी आणून आठवडाभर ऐकल्याशिवाय पैसे देऊ नयेत.