व्हेनलाफॅक्सिनला लिथियमची जोड : आठ महिन्यांचा अनुभव

दसऱ्यानंतर सुरू केलेलं लिथियमचं औषध अजून चालू आहे. नाव ऐकलं की लोकांना बायपोलर, म्हणजे मन टोकाचं वर-खाली होण्याचा आजार, आठवतो, म्हणून आधीच सांगते, मला तो नाही. मला डिप्रेशन आहे, आणि ते गोळ्यांना दाद देत नव्हतं. एस्सिटालोप्रॅम २० मिलिग्रॅमपर्यंत नेऊन दोन महिने घेतलं, मग व्हेनलाफॅक्सिन २२५ पर्यंत. झोप जरा सुधारली, बाकी होतं तिथेच. मीच मनापासून प्रयत्न करत नाही, असं मला वाटायचं. दोन औषधं पुरेशा डोसमध्ये, पुरेसे आठवडे घेऊनही गुण येत नाही अशी कितीतरी माणसं असतात, हे डॉक्टरांकडून कळलं तेव्हा मी दवाखान्यातच रडले.

त्यांनी व्हेनलाफॅक्सिन तसंच ठेवून लिथियम जोडलं. हमी दिली नाही. अमेरिकेतल्या स्टार-डी या मोठ्या अभ्यासात, दोन उपचार फसल्यावर लिथियम जोडलेल्यांपैकी सहांत साधारण एकालाच पूर्ण आराम पडला होता. मला तो आकडा लपवला नाही हेच बरं वाटलं.

किडनी, थायरॉइड, कॅल्शियम तपासून ३०० मिलिग्रॅमने सुरुवात झाली, पुढे ६००, मग ९००. पहिला महिना फक्त तहान आणि तोंडाला धातूची चव. पाचव्या आठवड्यात एका सकाळी कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि मी गॅस बंद करायला उठले. त्याआधी मी शिट्ट्या ऐकत पडून राहायचे, डाळ करपल्याचा वास यायचा, तरी अंग हलायचं नाही. त्या दिवशी कुणी हाक मारली नव्हती.

त्रासही आहे. हात थरथरतो, बशीत ओतताना चहा सांडतो, सुईत दोरा ओवायला लेकीला बोलवावं लागतं. वजन तीन किलो वाढलं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रक्ताची तपासणी. लिथियम कमी पडलं तर उपयोग नाही आणि जास्त झालं तर विषबाधा, मधली जागा अरुंद. माझी पातळी ०.६ ते ०.८ मध्ये ठेवायची आहे. रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनीच द्यायचं. एकदा लॅबचा मुलगा पहाटे सहालाच घरी आला. ‘उपाशी आहात ना?’ एवढंच त्याने विचारलं, गोळी कधी घेतली ते नाही. मी रात्री नऊला घेतलेली. रिपोर्ट ०.९५ आला आणि घरात सगळे घाबरले. डॉक्टरांनी वेळ विचारून सकाळी नऊला पुन्हा रक्त द्यायला लावलं, ०.७ निघालं. लॅबवाल्यांच्या भरवशावर राहू नका, गोळीची वेळ स्वतः चिठ्ठीवर लिहून द्या.

नागपूरच्या मे महिन्याची मला खरी धास्ती होती. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की लिथियम रक्तात साठतं. जुलाब-उलट्या किंवा जास्त थरथर झाली तर लगेच फोन करा, असं बजावलं होतं. दाढ दुखली तेव्हा केमिस्टने आयब्युप्रोफेन पुढे केलं, त्यानेही पातळी चढते, म्हणून पॅरासिटामॉल घेतलं. निर्जळी एकादशी यंदा धरली नाही. सासूबाईंना कारण सांगितलं तर काही बोलल्या नाहीत, पण रात्री माझ्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवला. आता रोज ठेवतात.

पूर्ण बरी झालेय असं म्हणणार नाही. दुपारी चार ते सहा अजून जड जातात. डॉक्टर म्हणतात, वर्षभर तरी हलवायचं नाही, आणि बंद करायचं तेव्हाही हळूहळू, त्यांना विचारूनच. किडनी आणि थायरॉइडची पुढची तपासणी आषाढात आहे.